बत्तिशीच्या वर दोन

“बाई, कळलं का? माईंच्या सूनबाईंनी सायकलीला लाखाचे दात बसवले.”

आक्कांनी ही बातमी कुंपणावरून अलीकडे टाकली तेव्हा मी कढीपत्ता तोडत होते. आमच्या आळीत बातमी भिंत ओलांडली की फुगते. सकाळी दूधवाल्यानं तीस हजार सांगितले होते, भांडीवालीनं साठ, आणि आक्कांच्या तोंडून लाख. उद्या राजवाड्यापर्यंत पोचेतो सायकल सोन्याची झालेली असेल.

“लाख कुठले आक्का? अहो, सायकलच तेवढ्याची नाही.”

“तेच म्हणते मी! सायकलीपेक्षा दागिना जड. आणि दात किती, माहितेय? चौतीस! स्वतः दातांची डॉक्टर ना ती, बत्तिशीवर समाधान होईना. वर दोन जास्तीचे घेतले.”

माईंची सून दंतवैद्य. पोवई नाक्याजवळ दवाखाना. सकाळी उजाडायच्या आत सायकल काढते, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढते, आणि आम्ही चहाचं आधण ठेवतो तोवर परत. रविवारी कासपर्यंत मजल. सातारा हे पेन्शनरांचं गाव, त्यामुळे ती किती वाजता गेली, किती वाजता आली, टोपी कुठल्या रंगाची होती, याची नोंद ठेवायला माणसांची वानवा नाही.

“आता म्हणे सायकल ताशी साठनं पळणार,” आक्का पुढं म्हणाल्या. “नवीन गिअर म्हटल्यावर वेग आलाच की. माईंनी देव पाण्यात घातलेत.”

“माईंना सांगा, देव बाहेर काढा,” मी म्हटलं. “सपाटीवर सायकल होती तेवढीच पळणार. एक किलोमीटरनंसुद्धा वेग वाढायचा नाही.”

आक्कांचा चेहरा पडला. बातमीतली अर्धी हवा गेली. मी पदरात कढीपत्ता गोळा केला, खोचलेला खडू काढला (चाळीस वर्षांची सवय, खडू सुटत नाही) आणि कुंपणाच्या सिमेंटवर मांडणी केली.

“हे बघा. पेडलजवळ दोन चक्र्या. मोठीला ५० दाते, धाकटीला ३४. जुन्या सेटला तशाच होत्या, नव्यालाही तशाच आहेत. मागच्या चाकाला लहान-मोठ्या चक्र्यांची चळत, तिला कॅसेट म्हणतात. जुनीत आठ चक्र्या, नवीत अकरा. सगळ्यात लहान चक्री जुनीत ११ दात्यांची, नवीतही ११ दात्यांचीच. पुढे ५०, मागे ११, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे साडेचार फेरे. काल तेवढेच, आज तेवढेच. मग वेग कुठून वाढेल?”

“मग पैसे कशाचे?”

हा प्रश्न बरोबर होता, आणि तो ऐकून पलीकडच्या अंगणातून तात्याही उठून भिंतीशी आले. तात्या एसटीच्या आगारात आयुष्यभर फिटर होते. निवृत्तीनंतर आळीतले मिक्सर, पंखे आणि शिवणयंत्रं त्यांच्या ताब्यात. सायकल हे त्यांच्या लेखी वाहन नव्हे, नादुरुस्त व्हायला सवड नसलेला एक सांगाडा. त्यामुळे तिच्यावर एवढा खर्च म्हणजे त्यांच्या मते शुद्ध उधळपट्टी.

“पैसं डोळ्यात भरत्यात त्याचं,” तात्या म्हणाले. “काळं चकचकीत क्रँक हाय न्हवं, त्येचंच. आट गिअरनं घाट चढत हुती की पोर. आता अकरा. उद्या म्हणंल बारा.”

“तात्या, बाराचा सेट मला बसणारच नव्हता!”

खुद्द सूनबाई सायकल स्टँडवर टांगून भिंतीपलीकडे उकिडव्या बसल्या होत्या आणि आमचं सगळं ऐकत होत्या. आक्कांनी लगेच “अगं, तुझंच कौतुक चाललंय,” म्हणून विषय झाकायचा प्रयत्न केला. पण पोरगी हसत उठली आणि हातातलं फडकं झटकत म्हणाली, “बाईंनी मांडायला घेतलंय ते पूर्ण मांडू द्या. त्यातच माझे पैसे आहेत.”

मग तिनं आकडे सांगितले आणि मी लिहिले. जुनी कॅसेट: ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८. नवी कॅसेट: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४.

मी दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि मलाच मजा वाटली. पहिल्या सहा चक्र्या शब्दशः सारख्या. एकवीस दात्यांपर्यंत जुन्या-नव्यात केसाचा फरक नाही. जो काही फरक आहे तो त्यानंतरचा. जुन्या सेटला एकवीसच्या पुढे दोनच चक्र्या होत्या, चोवीस आणि अठ्ठावीस. नव्याला पाच. म्हणजे वाढीव तिन्ही गिअर घाटाच्या बाजूला पडलेत. सपाटीच्या माणसाला या खरेदीत काही मिळालेलं नाही. यवतेश्वर चढणाऱ्याला मात्र सगळं मिळालंय.

“जुन्या गिअरचा जिना असा होता,” मी आक्कांना म्हटलं, “की खालच्या पायऱ्या बेताच्या, आणि नेमक्या शेवटच्या दोन गुडघ्याएवढ्या उंच. चोवीसवरून अठ्ठावीसवर जाताना पाय एकदम सुटायचा, आणि त्याच्यापुढं पायरीच नाही. आता त्याच उंचीत जास्त पायऱ्या घातल्यात आणि वर आणखी एक मजला चढवलाय.”

“चौतीसचा मजला,” सूनबाई म्हणाल्या. “पुढे चौतीस, मागे चौतीस. एक फेरा पायाचा, एक फेरा चाकाचा.”

याचा अर्थ पायाला काय कळतो, तेही लिहून काढलं. त्या सायकलीचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर पुढं जातं. जुन्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये, म्हणजे ३४ ला २८, पेडलच्या एका फेऱ्यात अडीच मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापलं जायचं. आता २.१. ताशी आठ किलोमीटरनं घाट चढायचा तर पूर्वी मिनिटाला ५२ फेरे मारले जायचे, आता ६३ मारावे लागतात. काम तेवढंच, पण ते जास्त फेऱ्यांत वाटलं गेलं, म्हणून दर फेऱ्याला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरला.

“म्हंजी मेहनत तेवढीच,” तात्या म्हणाले.

“मेहनत तेवढीच तात्या, पण गुडघे माझे आहेत,” सूनबाई म्हणाल्या. “बावन्न फेऱ्यांवर मी पेडलवर उभी राहून रेटत होते. वर पोचल्यावर मांड्या भरून यायच्या आणि दिवसभर दवाखान्यात उभं राहायचं असायचं. आता बसून चढते. वेळ फार वाचत नाही. मी वाचते.”

थंडीत तिला २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे. साडेतेरा तासांची मुदत असते. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत पुरं करणं एवढंच. अशा ठिकाणी सकाळच्या ताज्या पायांना कुठलाही गिअर चालतो. परीक्षा असते ती संध्याकाळी घाट लागतो तेव्हाची. तेव्हाच्या पायांसाठी ही खरेदी आहे, हे मला पटलं. तात्यांना पटलं नव्हतं.

“ते अकरा न् बावीस काय मांडलंय मग?” त्यांनी खोक्यावरच्या छापील अक्षरांकडे बोट केलं. “म्होरं दोन, मागं अकरा, म्हंजी बावीस गिअर. बावीस वापरता व्हय तुमी?”

इथं तात्यांचा नेम बरोबर बसला. बावीस हा कागदावरचा आकडा. पुढे ५०, मागे २५ आणि पुढे ३४, मागे १७ या दोन्ही जोड्या तंतोतंत एकच, दोन्हीत चाकाचे दोन फेरे. अशा जवळजवळ सारख्या पडणाऱ्या आणखीही आहेत. शिवाय पुढची मोठी आणि मागची सगळ्यात मोठी एकदम लावली तर चेन तिरकी ताणली जाते, कुरकुरते, दोन्हीकडचे दाते झिजवते. पुढची लहान आणि मागची सगळ्यात लहान लावली तरी तेच. ती टोकं वापरायची नसतात. तेव्हा दुकानदार बावीस म्हणाला तर आपण मनातल्या मनात पंधरा धरावेत. गिअर किती, यापेक्षा सगळ्यात हलका कोणता आणि मधल्या उड्या केवढ्या, हे दोनच प्रश्न विचारायचे.

“बघू द्या मला,” म्हणून तात्या फाटकातून आत गेले. आम्ही दोघी भिंतीवर कोपरं टेकून. माईंनी खिडकीतून डोकावून चहाला किती जण हे मोजलं.

तात्यांनी डोळे मिटले, एका हातानं पेडल फिरवलं आणि दुसऱ्यानं खटके टाकायला सुरुवात केली. खट्, खट्, खट्. दर खटक्याला चेन एक चक्री चढत होती. एका जागी ते थांबले. “हितं कुजबुजतीय.” मागच्या यंत्राच्या केबलवर एक लहान गोल नट असतो, बोटांनी फिरतो. तात्यांनी तो पाव फेरा सोडला. कुजबुज गेली. सूनबाई बघत राहिल्या. तिनं त्यासाठी सकाळपासून तीन व्हिडिओ पाहिले होते.

“ह्ये खटक्याचं काम झकास हाय बरं का,” तात्या पहिल्यांदाच चांगलं बोलले.

त्यावर सूनबाईंनी आम्हाला थोडा इतिहास ऐकवला. हे गिअर बनवणाऱ्या शिमानोचा मूळ कारखाना ओसाकाजवळच्या साकाईचा, १९२१ सालचा. साकाई म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या-पाती घडवणाऱ्यांचं गाव. तिथं सुरुवात झाली ती सायकलच्या फ्रीव्हीलनं. गिअर बदलणारी यंत्रं त्याआधीपासून निघाली होती, पण टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत ती चालत नसत. पुरुषासारखा पुरुष असेल तर एकाच गिअरवर आल्प्स चढेल, असा आयोजकांचा खाक्या. पुढं गिअर आले, पण ते अंदाजानं लावायचे. दांडी सरकवायची आणि चेन कुठं बसली ते कानानं ओळखायचं.

“आमच्या एसटीसारखं,” तात्या खूश झाले.

१९८४ साली शिमानोनं खटक्याचे गिअर आणले. एक खटका, एक चक्री, अंदाज नको. आणि १९९० मध्ये गिअरचा खटका ब्रेकच्याच लिव्हरमध्ये बसवला. त्याआधी गिअर बदलायला हँडलवरचा एक हात काढून फ्रेमच्या खालच्या नळीपर्यंत न्यावा लागे. आज जी गोष्ट आपण गिरवतो, “दोन्ही हात हँडलवर,” ती शर्यतीच्या सायकलवर खऱ्या अर्थानं तेव्हापासून शक्य झाली.

“आन् ही कंची?” तात्यांनी लिव्हरवरचा आकडा वाचला. “एकशेपाच?”

“हो. शिमानोच्या उतरंडीतली मधली. खाली क्लॅरिस, सोरा, टियाग्रा. वर अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. माझी आधी क्लॅरिस होती, आठ गिअरची. ही १०५ ची २०१८ साली आलेली पिढी, अकरा गिअरची. त्यानंतर १०५ मध्ये बॅटरीवरची निघाली, मग २०२३ मध्ये साध्या केबलची बारा गिअरची. पण त्या दोन्ही फक्त डिस्क ब्रेकसाठी. माझी सायकल रिम ब्रेकची. म्हणून म्हटलं, बाराचा मला बसणारच नव्हता.”

“मग डिस्क लावायचे ना,” आक्का म्हणाल्या. आक्कांच्या नातवाच्या मोटरसायकलला डिस्क आहे, त्यामुळे या विषयात त्या अधिकारी.

डिस्क लावायची तर फ्रेमला आणि पुढच्या दांड्याला ती बसवायची जागा हवी, चाकांचे हब वेगळे हवेत. म्हणजे फ्रेम नवी, चाकं नवी, उरली घंटी. त्यापेक्षा दुसरी सायकल घ्यावी. आक्कांनी मान डोलावली, पण मला खात्री आहे की संध्याकाळपर्यंत “सूनबाई दुसरी सायकल घेणार” ही बातमी बोगद्यापर्यंत जाईल.

चाकांचा विषय निघाला तशी एक गंमत कळली. पुण्यातल्या एका दुकानात तिला सांगितलं गेलं होतं की अकरा गिअर म्हणजे मागचं चाक बदलावंच लागेल. त्यात अगदीच खोटं नव्हतं. अकरा चक्र्यांची रस्त्यावरच्या सायकलची नेहमीची कॅसेट ज्या नळकांड्यावर बसते ते आठ-नऊ-दहावाल्यांपेक्षा १.८५ मिलिमीटर रुंद लागतं. जुन्यावर ती मावत नाही. पण शिमानोची अकरा गिअरची ११-३४ ही कॅसेट वेगळी घडवलेली आहे. तिच्या मोठ्या चक्र्या आतल्या बाजूला, आऱ्यांच्या अंगावर झुकलेल्या असतात, त्यामुळे ती जुन्या आठ गिअरच्या हबवर सरळ बसते. उलट नव्या रुंद हबवर बसवायची तर मध्ये १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते. म्हणजे तिनं चौतीस दाते घेतले आणि चाकाचे पैसे वाचले. अठ्ठावीस किंवा तीस घेतली असती तर चाक गेलंच असतं.

“दुकानदाराला म्हाईत नव्हतं व्हय?”

“माहीत असेलही,” सूनबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच राहिला. फक्त आक्कांनी एक अर्थपूर्ण हुंकार दिला.

चौतीस दाते पेलायला मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारं यंत्र, लांब दांडीचं लागतं, हेही तिनं दाखवलं. आखूड दांडीचं तीस दात्यांपर्यंतच काम करतं. ते घेऊन चौतीसची कॅसेट लावली तर चेनचा ढिलेपणा ओढून धरायला दांडी पुरत नाही आणि वरची छोटी चकरी मोठ्या चक्रीवर घासते. खरेदी करताना दोन्ही एकमेकांना विचारून घ्यायची.

चहा आला. आणि ब्रेकचा विषय निघाला तो माईंमुळे. कप देता देता त्या म्हणाल्या, “गिअरचं मला काही कळत नाही हो. चढताना ती पडायची नाही, हे मला ठाऊक आहे. माझा जीव असतो उतरताना.”

पावसाळ्यात यवतेश्वरचा उतार ज्यांनी बघितलाय त्यांना माई कळतील. धुकं एवढं की वळण अंगावर आल्यावर दिसतं, रस्त्यावर तांबड्या मातीचे ओघळ, आणि कासला निघालेल्या गाड्यांची रांग. अशा ठिकाणी ताशी ४० नं उतरणारी सायकल सेकंदाला अकरा मीटर जाते. दचकून बोटं लिव्हरवर पडेपर्यंत एक मोटार मागे पडलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारी जागा दुप्पट होत नाही, चौपट होते. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. मुलांनी पाठ केलं, आणि रस्त्यावर विसरली.

“नवे ब्रेक लवकर थांबवतात का?” मी विचारलं.

“कोरड्यात फारसं नाही, बाई.” मला वाटलं होतं ती हो म्हणेल. “नवे बसवायच्या आधी मी मागच्या सपाट रस्त्यावर खडूची रेघ मारून बघितलं होतं. तोच वेग, तीच रेघ. बसवल्यावर परत बघितलं. कोरड्या रस्त्यावर थांबण्याची जागा जवळजवळ तीच.”

याचं कारण साधं आहे. सायकल शेवटी थांबते ती टायर रस्त्याला धरतो म्हणून, आणि तिथंही एक हद्द असते. पुढचा ब्रेक फार दाबला तर मागचं चाक उचलतं. ती हद्द जुन्या ब्रेकनंही गाठता येत होती. पण त्याला अख्खी मूठ आवळावी लागे. आता दोन बोटं पुरतात.

“मग फरक बोटांचाच?” आक्का म्हणाल्या. त्यांच्या सुरात “एवढ्यासाठी?” होतं.

“आक्का, बोटांनीच तर पोट भरते मी!”

तिचे हात लहान आहेत. जुन्या लिव्हरपर्यंत बोटांची टोकंच पोचायची. टोकांनी ओढून घाट उतरायचा म्हणजे मनगट जातं, आणि मनगट गेलं की दंतवैद्याचं दुकान बंद. नव्या लिव्हरला एक बारीक स्क्रू आहे. तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येते. तिनं ती इतकी आत घेतलीय की दोन बोटं पेरासकट बसतात. मूठ आवळून ओढलेला ब्रेक एक तर लागतो नाही तर चाक अडकवतो. दोन बोटांनी ओढलेला हवा तेवढा लागतो, थोडा सोडता येतो, परत लावता येतो. ओल्या वळणावर हाच फरक. तिथं जोर कामाचा नसतो, माप कामाचं असतं.

तात्यांचं लक्ष मात्र भलतीकडे होतं. जमिनीवर जुन्या केबलींचं भेंडोळं पडलं होतं. त्यांनी त्यातली एक उचलली, टोक उलगडलं आणि भुवया वर गेल्या.

“सूनबाई, ह्ये ब्रेकला हुतं?”

“हो. मागच्या ब्रेकला. मागच्या वर्षी एकाकडून केबली बदलून घेतल्या होत्या.”

“ह्ये गिअरचं आउटर हाय. त्या पठ्ठ्यानं गिअरचं आउटर ब्रेकला घातलं.”

मग आम्हाला तात्यांचं प्रवचन लाभलं, आणि ते सकाळचं सगळ्यात मोलाचं होतं. आउटर म्हणजे वायरीवरची नळी. दोन्ही नळ्या वरून सारख्या दिसतात. आत वेगळ्या. ब्रेकच्या नळीत तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. कितीही जोरात ओढा, दबत नाही, फुटत नाही. गिअरच्या नळीत तारा सरळ, लांबीच्या दिशेनं बसवलेल्या असतात, खटका नेमका पडावा म्हणून. तिच्यावर ब्रेकचा जोर आला की एखाद्या दिवशी ती तोंडाशी फाटते आणि तारा फुलासारख्या बाहेर येतात. आतली ताणलेली वायरही सारखी नसते. ब्रेकची साधारण १.६ मिलिमीटर जाडीची, गिअरची १.२.

“फाटलं असतं म्हंजी लिव्हर हँडलला टेकली असती, आन् ब्रेक गुल,” तात्यांनी समारोप केला.

माईंनी सुनेकडे बघितलं. सुनेनं केबलकडे बघितलं. लाखाची म्हणून जिची चर्चा चालली होती त्या सेटपेक्षा काहीशे रुपयांच्या नळीत जास्त जोखीम दडली होती. मला वाटतं, तात्यांनी त्या दिवशी सायकलीला माफ केलं. कारण त्यानंतर त्यांनी स्वतःच पॅड तपासायला घेतले.

जुन्या ब्रेकचे पॅड एकसंध रबरी होते, वापरून काचेसारखे गुळगुळीत आणि कडक झालेले. नव्यांत धातूचा साचा असतो आणि त्यात रबर सरकवलेलं. झिजलं की रबर तेवढं बदलायचं. तात्यांनी जुन्या पॅडमधून टाचणीनं चांदीसारखे कण उकरून काढले. ते रिमचे कण. पावसात माती आणि ॲल्युमिनियमची भुकटी रबरात रुतते आणि मग ब्रेक लागला की रिम खरवडत जाते. पावसाळ्यात दर आठवड्याला पॅड काढून टाचणी फिरवावी आणि रिम पुसावी. बहुतेक रिमवर एक बारीक खाच किंवा खळगा असतो. ती दिसेनाशी झाली की रिमची झीज पुरी झाली, चाक बदला.

“पावसात रिम ब्रेक लगेच धरत नाहीत, हे खरं ना?” मी विचारलं.

“खरं आहे,” सूनबाई म्हणाल्या. “नवे असले तरी. पहिले एक-दोन फेरे पॅड नुसतं पाणी पुसतात. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलकेच टेकवून ठेवायचे, रिम कोरडी करून घ्यायची. डिस्कला ही अडचण फार कमी. ते मी मान्य करते. पण नव्या पॅडनी पुसणं लवकर होतं. ओल्यात मला फरक स्पष्ट कळला.”

तिचं हे मला आवडलं. पैसे घातले की माणूस वस्तूची वकिली करायला लागतो. हिनं कोरड्यात फरक नाही म्हटलं, ओल्यात आहे म्हटलं, आणि डिस्क सरस हेही कबूल केलं.

“आता तोटं सांगा,” तात्या म्हणाले. त्यांना समतोल लागतो.

तोटे आहेत. आठ गिअरची चेन जाड, दणकट, थोडं दुर्लक्ष सहन करणारी. अकराची बारीक आणि मानी. चढावर पूर्ण जोर देता देता खटका टाकला तर ती रागावते. आधी पाय क्षणभर हलका करायचा, मग खटका. कासच्या जांभ्या दगडाची तांबडी धूळ तिला अजिबात सोसत नाही. दर फेरीनंतर पुसायची, थेंब-थेंब तेल द्यायचं, वरचं तेल परत पुसायचं. आणि झिजली की बदलायला महाग.

झीज मोजायची कशी, यावर तात्यांनी कुठलं यंत्र मागितलं नाही. घरातून पोलादी फूटपट्टी आणली. सायकलच्या चेनच्या पूर्ण बारा जोड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, बरोबर बारा इंच भरतात. सोळावा भाग इंच जास्त भरायला लागला की अकरा गिअरची चेन बदलायची. थांबलात तर ती चेन कॅसेटचे दातेही झिजवून नेते, आणि मग चेनच्या पैशांवर कॅसेटचे पैसे. “बाई, किती टक्के झालं वो ते?” त्यांनी विचारलं. मी भिंतीवर भागाकार केला. अर्धा टक्का. त्यांनी फूटपट्टी सूनबाईंना देऊन टाकली.

दुसरी गोष्ट, नव्या केबली पहिल्या काही फेऱ्यांत बसतात, नळीची टोकं टोप्यांत घट्ट होतात, आणि खटके पुन्हा कुजबुजायला लागतात. तेव्हा सेट खराब निघाला म्हणून दुकानात धावायचं नाही. तो गोल नट पाव फेरा.

एव्हाना ऊन भिंतीवर आलं होतं आणि आक्कांचा जीव वर-खाली होत होता. त्यांचा नातू यंदा कॉलेजला सायकलनं जाणार आहे. त्यालाही गिअर-ब्रेक नवे हवेत असा त्याचा हट्ट.

“बाई, तुम्ही हिशोबाच्या. एकच सांगा. हे सगळं घ्यावं का?”

मी म्हटलं, “सगळं घ्यायचं ज्याला रोज घाट आहे त्यानं. तोही उलट्या क्रमानं. आधी ब्रेकचे पॅड आणि केबली, कारण त्या स्वस्त आहेत आणि जीव त्यांच्यावर आहे. मग हात लिव्हरपर्यंत नीट पोचतो का ते बघायचं. मग मागे मोठ्या दात्यांची कॅसेट. आठ गिअरमध्येही मोठ्या दात्यांची मिळते, फक्त उड्या मोठ्या पडतात. अकरा गिअर, काळं क्रँक, खोक्यावरचा आकडा, हे सगळं त्याच्यानंतर. सूनबाईंना ज्याचा खरा उपयोग झाला त्यातला निम्मा अर्धा आठ गिअरवरही झाला असता. उरलेला निम्मा, ते मधले बारीक गिअर, त्याचे जास्त पैसे पडले. तिला ते परवडतात आणि ती ते रोज वापरते. तुमच्या नातवाला पोवई नाका ते कॉलेज एवढंच जायचंय.”

“बरोबर आहे बाईंचं,” सूनबाई म्हणाल्या. “मला कुणी दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मीही आधी पॅड आणि कॅसेटच सांगितली असती.”

आक्कांनी थोडा विचार केला. नातवाची समजूत कशी घालायची हे बहुधा मनात जुळवून घेतलं, आणि तात्यांकडे वळल्या. “मग तात्या, पॅड आणि केबली तुम्ही घालून द्याल का? सामान मी आणते.”

“देतो की. उद्या सकाळी आणा सायकल,” तात्या म्हणाले. “पर दुकानात गेल्यावर नळी कापून आतली तार दाखवा म्हणावं. मळसूत्र असलं तरच पैसं द्या.”